टर्बोवाले भाऊ

बंद पडलेल्या टर्बो डिझेल गाडीभोवती जमणाऱ्यांत जो सर्वांत आधी बॉनेट उघडायला सांगतो, तो टर्बोवाला भाऊ. त्याला मेकॅनिक समजण्याची चूक नवखे चालक करतात. मेकॅनिकचे हात काळे असतात. भाऊंचे हात पाठीमागे बांधलेले असतात. वय पंचेचाळिशीपुढचे, खांद्यावर दुपट्टा, गालात तंबाखूचा खर्रा. खर्रा सांडू नये म्हणून हनुवटी वर धरून बोलावे लागते, त्यामुळे साध्या वाक्यालाही निकालपत्राचे वजन येते.

हिंगणघाटात भाऊ बारमाही आढळतात. नांदोरी चौक आणि नागपूर-हैदराबाद महामार्गाची कड ही त्यांची कायमची ठिकाणे. कापसाच्या हंगामात मुक्काम बाजार समितीच्या बाजूला हलतो, कारण तिकडे मालाच्या गाड्यांची रांग लागते आणि रांगेत लहान डिझेल गाड्या हमखास बंद पडतात. याचे कारण यांत्रिक आहे. टर्बो म्हणजे एकाच दांड्यावरची दोन चाके: एक धुराच्या जोरावर फिरते, दुसरे इंजिनात हवा कोंबते. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने 1905 मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. भरात असताना हा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो, पण इंजिन हळू फिरत असेल तर धूर कमी, म्हणून हवाही कमी. रांगेत सरकताना चालकाने क्लच जरा लवकर सोडला की लहान इंजिनाला तेवढा दम नसतो. गाडी आचका देते आणि थांबते.

थांबली तर थांबली. ती पुन्हा सुरू होत नाही, तेव्हा भाऊंचे काम सुरू होते. ‘काय झालं जी?’ हा प्रश्न केवळ रीत म्हणून विचारला जातो. उत्तराची वाट न पाहता निदान येते, ‘टर्बो गेला न जी!’

या निदानात एक अडचण आहे. सेल्फ मारताना इंजिन मिनिटाला दोन-तीनशे फेरे घेते. तेवढ्या वेगाला टर्बो जवळपास निजलेलाच असतो, म्हणजे सुरू न होण्याचा आळ त्याच्यावर क्वचितच टिकतो. खरे संशयित लहान आणि अनाकर्षक असतात. क्रँकच्या फेऱ्या मोजणारा सेन्सर तापला की मुका होतो, आणि फेरे कळेनात तर इंजिनाचा संगणक डिझेल सोडत नाही. किंवा इंजेक्टर झिजलेले असतात: तापून पातळ झालेले डिझेल त्यांतून परतीच्या नळीने निसटते, इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या रेलमध्ये हवा तेवढा दाब चढत नाही, आणि सकाळी पहिल्या सेल्फला सुरू झालेली गाडी दुपारी नुसती कण्हत राहते. हिंगणघाटच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना, बॉनेटखाली या सगळ्यांचे काय होत असेल ते वेगळे सांगायला नको. पण सेन्सरवर अर्धा तास बोलता येत नाही, टर्बोवर येते.

भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा प्रमुख विल्यम लॅम्बटन 1823 मध्ये याच हिंगणघाटात वारला. मोजल्याशिवाय न बोलण्याची सवय त्याच्याबरोबरच गेली असावी. भाऊ दाब मोजत नाहीत, बॅटरीचे व्होल्ट मोजत नाहीत. ते मेव्हण्याच्या जुन्या 407 टेम्पोचा दाखला देतात. त्या 407 ला टर्बो नव्हता, ही बाब कोणी काढत नाही.

पुढचा आदेश धक्क्याचा. चार पोरे मागे लागतात, भाऊ बाजूने चालत हात दाखवतात. बॅटरी थोडी उतरली असेल तर धक्क्याने काम होते; ती पार मेली असेल किंवा सेन्सरच गप्प असेल, तर पोरांना घाम तेवढा येतो. शिवाय इंजिन बंद असताना स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकची मदतही दोन-तीन दाबांत संपते, म्हणून धक्क्याचा उत्साह रस्त्याच्या उतारावर धोक्याचा ठरतो.

भाऊंचे एक वाक्य मात्र सोळा आणे खरे असते: ‘बंद कराच्या आधी दोन मिनिटं चालू ठेवाव जी.’ लांबून दामटून आणलेल्या गाडीचा टर्बो लालबुंद तापलेला असतो. इंजिन अचानक थांबले की तेलाचा पुरवठा तुटतो, आणि बेअरिंगमध्ये उरलेले तेल जळून काजळीसारखे चिकटते. हा सल्ला ते गाडी बंद पडल्यावर देतात, एवढेच त्यात उणे.

मग चहा येतो, अर्थात गाडीवाल्याच्या पैशाने. मेव्हणा, 407, आदिलाबादचा घाट असे करत बराच वेळ जातो. तेवढ्यात उघड्या बॉनेटखालचा सेन्सर निवतो. ‘आता मारा सेल्फ,’ भाऊ म्हणतात, आणि गाडी सुरू होते. जमलेले लोक भाऊंकडे पाहतात. भाऊ खर्रा थुंकायला बाजूला जातात.

चार दिवसांनी गॅरेजात स्कॅनर लागतो, क्रँक सेन्सरचा कोड निघतो, सेन्सर बदलला जातो. ही बातमी चौकात पोचते तेव्हा भाऊंची प्रतिक्रिया तयार असते, ‘सेन्सर काहून जळला मंग? टर्बोच्या गरमीनंच न!’ बॉनेटखालच्या सर्वांत तापणाऱ्या वस्तूंपैकी टर्बो एक असल्यामुळे मेकॅनिकलाही यावर ठामपणे नाही म्हणता येत नाही.