अमेरिकेच्या नकाशांवरील लाल रेघेस अनावृत पत्र

लाल रेघे,

तुझ्या नावाआधी ‘प्रिय’ लिहायला हात धजत नाही.

मंदीत घरं लिलावात जाऊ नयेत म्हणून अमेरिकी सरकारने गृहकर्ज महामंडळ काढलं. त्यानेच १९३५ ते १९४० दरम्यान दोनशेहून अधिक शहरांच्या नकाशांवर तुला आणून बसवलं. हिरवी वस्ती उत्तम, निळी बरी, पिवळी उतरणीला लागलेली आणि लाल धोकादायक. पाहणीच्या छापील तक्त्यात ‘निग्रो’ राहतात का, शेकडा किती, असा रकानाच होता. कोणाची ‘घुसखोरी’ होते आहे, यासाठी आणखी एक. भिंती आणि छपरांच्या जोडीला तू शेजाऱ्याची कातडीही तपासलीस.

तुझी हुशारी मानावीच लागेल. तू कोणाच्या दारावर दगड मारला नाहीस, फक्त कर्ज अडवलंस. गृहकर्जांना सरकारी हमी देणारं प्रशासन १९३४ साली सुरू झालं. ही हमी गोऱ्यांच्या नव्या वसाहतींना मिळत गेली, काळ्या वस्त्यांना नाही. डेट्रॉइटमध्ये एका बिल्डरची जागा काळ्या वस्तीला खेटून होती, म्हणून त्याची हमी अडली. त्याने १९४१ साली मध्ये सहा फूट उंच, सुमारे अर्धा मैल लांब काँक्रीटची भिंत घातली आणि हमी पदरात पाडून घेतली. ती भिंत आजही उभी आहे.

शिकागोत बँका दारात उभं करेनात, तेव्हा काळ्या कुटुंबांनी दलालांकडून अव्वाच्या सव्वा भावाने हप्त्यांवर घरं घेतली. हप्ता चुकला की घर गेलं आणि तोवर भरलेले पैसेही गेले. गोऱ्या घरांत आईबापांच्या घराची वाढलेली किंमत मुलांच्या शिक्षणाला कामी आली. इथे राबणाऱ्यांची मुलं रिकाम्या हातांनी उभी राहिली, आणि याला जबाबदार तू आहेस.

घरांच्या बाबतीत भेदभाव करण्यावर १९६८ साली कायद्याने बंदी आली, पण पुरावा बँकांच्या कपाटात होता. तो बाहेर काढायला गेल सिंकोटा ही शिकागोच्या ऑस्टिन भागातली गृहिणी आणि तिचे शेजारी उभे राहिले. आमच्या ठेवी घेता, मग कर्ज कुठे देता ते दाखवा, एवढंच त्यांचं मागणं होतं. १९७५ च्या कायद्याने बँकांना ते आकडे उघड करावे लागले. १९७७ च्या कायद्याने, जिथून ठेवी घ्यायच्या तिथल्या लोकांची कर्जाची गरज भागवणं ही बँकांची जबाबदारी ठरली.

तरीही ‘ते सगळं जुनं झालं’ असं तुझ्या वतीने बोलणारे भेटतात. तुझ्या लाल वस्त्यांपैकी चारात तीन अजूनही कमी किंवा मध्यम उत्पन्नाच्या आहेत. १०८ शहरांच्या अभ्यासात उन्हाळ्यात त्या हिरव्या वस्त्यांपेक्षा सरासरी सुमारे २.६ अंश सेल्सिअसने जास्त तापलेल्या आढळल्या, कारण तिथे झाडं कमी आणि डांबर जास्त. ज्या घरात वीजबिलाच्या धास्तीने एसी बंद ठेवतात, तिथल्या म्हातारीला जाऊन सांग की हे जुनं झालं!

१९७७ चा कायदा फक्त बँकांना लागू आहे. आज बरीचशी गृहकर्जं बँक नसलेल्या कंपन्या देतात आणि त्या मोकळ्या सुटतात. मॅसॅच्युसेट्स आणि इलिनॉय यांसारख्या काही राज्यांनी आपल्या कायद्यांत त्यांनाही धरलं. वॉशिंग्टनकडे आणि उरलेल्या राज्यांकडे आता त्यासाठीच तगादा लावायचा आहे.