बेवारस रंगाच्या शोधात

ज्या नगरीत लग्नाच्या आहेराबरोबर नटवलेला, सजवलेला रोहू पाठविण्याचा शिरस्ता आजही चालू आहे, त्या नगरीत माशाला फसविण्यापूर्वी त्याच्या अभिरुचीचा साक्षेपाने विचार व्हावा, हे क्रमप्राप्तच होय. कोलकात्याचा जातिवंत शौकीन गळाची छिप खांद्यावर टाकून, तिकीट काढून, दिघीच्या म्हणजे मोठ्या तलावाच्या काठी ठाण मांडतो, तेव्हा त्याची सारी भिस्त माशाच्या डोळ्यांवर नसून नाकावर असते. मोहरीची पेंड, भाजलेली मेथी, एकांगीची सुगंधी मुळी यांचा 'चार' मासे जमविण्यासाठी पाण्यात सोडून आणि गळाला मुंग्यांच्या अंड्यांचा 'टोप' लावून तो तरंगत्या फातन्याकडे नजर लावतो. आणि काठावर एखाद्या वैद्यराजाच्या खलबत्त्यातून उठावा तसा दरवळ पसरतो. रोहू, कटला, मृगळ ही सात्त्विक मंडळी या वासावर लुब्ध होतात. रंगवलेल्या लाकडी माशाकडे ती ढुंकूनही पाहत नाहीत.

परंतु नोकरीतील बदलीमुळे या शहरात येऊन पडलेल्या माझ्यासारख्या माणसाला तो पेंडीचा वास घरात आणण्याची मंजुरी सौभाग्यवतींकडून मिळणे अशक्य होते. तेव्हा मी माझा मोर्चा तामसी वर्गाकडे, म्हणजे ज्याला बंगाली लोक शोल म्हणतात त्या आपल्या मरळीकडे वळविला. ही मासळी वासाची फिकीर करीत नाही; समोर काही वळवळले की प्रथम हल्ला करते आणि चौकशी मागाहून. तिच्यासाठी लाकडाचा नकली मासा पुरतो. फिनलंडच्या लौरी रापालाने 1936 साली बुचाच्या लाकडातून असा मासा कोरला, त्यावर चॉकलेटच्या वेष्टनाची चांदी चढविली आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून वरून लेप दिला, असे सांगतात. त्याचे सारे कसब हुबेहूब माशासारखे दिसण्यात होते. चार बोटे लांबीचा तुकडा तासून, पोटात शिसे भरून, तोंडाशी पत्र्याची जीभ बसविण्यापर्यंत मीही त्या थोर पुरुषाच्या पावलावर पाऊल टाकले. रंगाचा प्रश्न आला तेथे मात्र आमचे मार्ग भिन्न झाले.

कारण निवळशंख सरोवरात जे चालते ते बंगालच्या पुकुरात, म्हणजे तळ्यात, चालत नाही. स्वच्छ पाण्यात तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरांतच विझतो आणि निळा खोलवर जातो; पण गढूळ, पालापाचोळा कुजून चहासारख्या झालेल्या पाण्यात निळ्याचाच बळी आधी जातो आणि पिवळा, नारिंगी हे रंग त्यातल्या त्यात तग धरतात. अशा पाण्यात नैसर्गिक रुपेरी मासा सोडणे म्हणजे तो स्वहस्ते गहाळ करणे. म्हणूनच अमेरिकेतील लोक हिरवी पाठ, पिवळ्या कुशीवर काळे पट्टे आणि नारिंगी पोट असा 'फायर टायगर' नावाचा, सृष्टीतील कोणत्याही प्राण्याने अंगावर घेतला नसता असा वेष आपल्या नकली माशांना, म्हणजे लुअरना, चढवितात. तेव्हा भडक, बेधडक, अनैसर्गिक रंगच हवेत, या निर्णयास शास्त्राचा पूर्ण आधार होता.

अडचण शास्त्राची नव्हती, कोलकात्याची होती. या शहरात एकही रंग बेवारस नाही.

पाठ हिरवी आणि पोट मरून रंगविले, तोच वरच्या मजल्यावरचे दादा, म्हणजे पश्चिम बंगालचे 'घटी', गहिवरले. कारण ते मोहन बागानचे रंग, आणि 1911 साली त्या फुटबॉल संघाने अनवाणी पायांनी गोऱ्या पलटणीवर शील्ड जिंकली, ती कथा मला पुन्हा प्रारंभापासून ऐकावी लागली. खालच्या मजल्यावरच्या, पूर्व बंगालच्या म्हणजे 'बांगाल' दादांनी ती कैफियत जिन्यातून ऐकली आणि लाल-सोनेरी, म्हणजे 1920 साली स्थापन झालेल्या ईस्ट बेंगॉलचे रंग का नाहीत, अशी रीतसर तक्रार गुदरली. काळा-पांढरा घ्यावा तर तो मोहमेडन स्पोर्टिंगचा. नुसत्या लाल रंगाचा, म्हणजे डाव्यांचा, येथे 34 वर्षे अंमल होता, आणि निळा-पांढरा द्यावा तर मासा एखाद्या सरकारी कठड्याचा भाग वाटतो. पिवळा टॅक्सीने कधीचाच नावावर करून घेतला आहे. जांभळ्या-सोनेरीवर क्रिकेटवाल्यांचा ताबा. आणि गुलाबी म्हणावा, तर 2019 साली ईडन गार्डन्सवर गुलाबी चेंडूची कसोटी झाली तेव्हा अख्खे शहर त्या रंगाने उजळले होते, हे दोन्ही दादांनी एकदमच सांगितले. निव्वळ हिरव्याची तजवीज करून पाहिली, तेव्हा कुमारटोलीतल्या एका मूर्तिकाराने, ज्याच्याकडे मी चकाकीसाठी गर्जन तेल मागावयास गेलो होतो, तो मासा हातात फिरवून पाहिला आणि विचारले, "मोशाय, हा महिषासुराचा कोण लागतो?" जुन्या घराण्यांच्या पूजेत असुर हिरवा रंगवितात, हे त्याच्याकडूनच मला कळले. माशाचे मत विचारण्याची सूचना मात्र या सबंध खलबतात कोणाकडूनही आली नाही.

शेवटी मी तह केला. माशाची डावी कूस हिरवी-मरून, उजवी कूस लाल-सोनेरी, आणि मध्ये पाठीच्या कण्यावरून सरहद्दीसारखी एक काळी रेघ. असली कुरूप वस्तू परमेश्वराने निर्माण केली नसती. परंतु इमारतीत शांतता नांदू लागली, आणि सोनारपूरकडच्या एका पुकुरात, मालकाच्या परवानगीने, जलपर्णीच्या कडेकडेने ती ओढीत असता पाणी एकाएकी फुटले, तंगूस ताणला गेला आणि हातभर लांबीची मरळ गळासकट चिखलात येऊन आपटली.

घरी आल्यावर मासा कोणी पाहिलाच नाही. दोन्ही दादांनी लुअर मागून घेतला, आणि दातांचे ओरखडे डाव्या कुशीवर अधिक की उजव्या, याची भिंग लावून तपासणी सुरू झाली. वरच्यांचे म्हणणे असे, की हिरव्या-मरूनवर भाळूनच मासा आला आणि घाईत दुसऱ्या अंगाला चावला. खालच्यांचे म्हणणे असे, की माशाने हिरव्या-मरूनवर जो दात धरला तो निव्वळ द्वेषाने. वाद 1911 पर्यंत मागे गेला, परत आला, पुन्हा गेला. एवढ्या अवधीत सौभाग्यवतींनी मरळ साफ करून, नारळाचे वाटण आणि कोकम घालून, तिचे आपल्या पद्धतीचे कालवण केले व दोन्ही मजल्यांवर वाट्या पाठविल्या. शोल मुळा घालूनच करावा, आणि या बाईंनी एका उमद्या माशाची माती केली, यावर घटी आणि बांगाल या दोन्ही पक्षांचे तत्क्षणी, बिनशर्त मतैक्य झाले.