वाटेत काहीही न बघता डहाणू कसे गाठावे

नाशिककराला समुद्र बघायचा असेल तर त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, कासा, चारोटी आणि डहाणू असा जेमतेम दीडशे किलोमीटरचा रस्ता आहे. अडचण एवढीच की हा रस्ता देवळे, घाट, राजवाडा आणि जुनी गावे यांनी गच्च भरलेला आहे. गाफील कुटुंब अंधार पडेपर्यंत जव्हारच्या पुढे सरकत नाही. समुद्राला निघालेल्या माणसाने मधल्या हजारेक वर्षांत अडकून पडणे बरे नव्हे. सदर मार्गदर्शन ते टाळण्यासाठी आहे.

निघण्याची वेळ पहाटे पाचची ठरवावी, म्हणजे साडेआठला निघता येते. आधी मिसळ खावी. ‘पुढे घाट आहे, तर्री नको’ असे म्हणणारी एक आत्या प्रत्येक घरात असते. तिचे ऐकू नये. घाटात तिचेच खरे ठरते, पण तोवर ती झोपलेली असते. ड्रायव्हरशेजारची जागा ‘ब्याऐंशी साली एसटीने गेलो होतो, रस्ता पाठ आहे’ असे सांगणाऱ्या काकांना द्यावी. मोबाइलवरचा नकाशा आणि काका यांच्यात मतभेद झाल्यास काकांचे मानावे आणि नकाशाप्रमाणे जावे.

सातपूर ओलांडले की अंजनेरी येते. हनुमंताचे जन्मस्थान म्हणून डोंगराला गाडीतूनच हात जोडावेत, काच खाली करू नये, एसी जातो. पायथ्याच्या गावात यादवकाळातल्या देवळांचे अवशेष विखुरलेले आहेत. त्यांतल्या एका जैन मंदिरातला बाराव्या शतकातला शिलालेख सांगतो की यादव राजाच्या मंत्र्याने काही दुकानांचे उत्पन्न मंदिराला दान केले. देऊळ आणि दुकान यांचे नाते इतके जुने आहे, हे त्र्यंबकला गाडी लावायला जागा शोधताना आठवले तर चिडचिड जरा कमी होते. अंजनेरीतच नाण्यांच्या अभ्यासाला वाहिलेली एक संस्थाही आहे. ‘कोणाकडे सुटे आहेत का रे?’ ही चर्चा गाडीत चालू असताना ती आपोआप मागे पडते.

त्र्यंबकेश्वराचे आजचे काळ्या दगडातले देऊळ नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतले. दर्शनाची रांग बघून ‘येताना करू’ असे ठरवावे. हा ठराव नेहमी एकमताने मंजूर होतो आणि येताना त्र्यंबक अंधारात लागते. ब्रह्मगिरीकडे मात्र एक नजर टाकावी, कारण तिथे आपल्या सहलीविरुद्ध पुरावा उभा आहे. गोदावरी उगम पावते तिथून अरबी समुद्र साधारण ऐंशी किलोमीटरवर. पण बाईंनी त्याच्याकडे पाठ फिरवली आणि बंगालच्या उपसागरापर्यंत १,४६५ किलोमीटर चालत गेल्या. वाटेत नाशिक, पैठण, नांदेड, राजमहेंद्री अशी सगळी गावे त्यांनी केली. याच डोंगररांगेतली वैतरणा तेवढी पश्चिमेला वळली. आपण वैतरणेच्या पक्षाचे.

तोरंगण घाटात वळणे सुरू होतात आणि मिसळीचा प्रश्न ऐरणीवर येतो. गाडी थांबवणे भागच पडल्यास थांबावे, मात्र दरीकडे बघू नये. बघितले की फोटो निघतात आणि अर्धा तास जातो. मे महिन्यात इथे पोरी पळसाच्या पानांच्या द्रोणात करवंदे घेऊन उभ्या असतात. करवंदे काळीभोर, देठाशी चिकाचा पांढरा थेंब अजून ओला. द्रोण वीस रुपयांना. पंधराला मागावा. सकाळी मिसळीचे आठशे रुपये मुकाट्याने दिलेल्या माणसाला घासाघीस करण्याची ही दिवसातली पहिली संधी असते.

मोखाडा लागला की जिल्हा बदलतो, पालघर सुरू होतो. या टापूतल्या नद्यांवर धरणे बांधून मुंबईची तहान भागवली जाते आणि मोखाड्याच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात. डोक्यावर दोन हंडे घेऊन निघालेली बाई दिसल्यास गाडीतल्या लहान मुलांचे लक्ष दुसरीकडे वेधावे. मुले प्रश्न विचारतात, आणि या प्रश्नाचे उत्तर काकांनाही येत नाही.

खरी परीक्षा जव्हारची. इथे महादेव कोळी समाजातल्या मुकणे घराण्याचे संस्थान सुमारे सहाशे वर्षे टिकले. मोगल आले, पोर्तुगीज आले, मराठे आले, इंग्रज आले. संस्थान आकसत गेले, पण मोडले नाही. १९४८ साली ते विलीन झाले. जयविलास राजवाडा झाडीत उभा आहे. गावाजवळच्या शिरपामाळावर १६६४ सालच्या सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराजांचा मुक्काम पडला होता, असे जव्हारकर सांगतात. म्हणजे घाटमाथ्यावरून समुद्राकडे निघालेले आपण पहिले नव्हे. महाराजांना एवढी मोठी मोहीम शिरावर असताना इथे मुक्कामाला वेळ होता. आपल्याला नसतो, कारण हॉटेलचे चेक-इन बारा वाजता आहे.

एवढे करूनही कोणी थांबायचा हट्ट धरलाच, तर चहाला थांबावे आणि पाठ राजवाड्याकडे करून बसावे. चहावाल्याशी बोलू नये. तो बोहाड्याचा विषय काढील, सोंगांचे मुखवटे कोण बनवतो ते सांगेल, दाभोसा धबधब्याची वाट दाखवील. अशा एका माणसापायी अख्खी सहल जव्हारातच संपल्याची उदाहरणे आहेत, आणि त्या कुटुंबांना पश्चात्ताप झाल्याचेही ऐकिवात नाही.

जव्हार उतरल्यावर गाडीत सगळे झोपतात. झोपू द्यावे. आजूबाजूला डहाणू-तलासरीचा वारली मुलूख आहे. १९४५ साली वेठबिगारीविरुद्ध वारली इथे उभे राहिले, आणि गोदावरी परुळेकरांनी तो लढा ज्या पुस्तकात लिहिला त्याचे नाव ‘जेव्हा माणूस जागा होतो’. मागच्या सीटवरच्या घोरण्यात हे नाव मोठ्याने उच्चारू नये. डहाणू तालुक्यातल्या गंजाड गावच्या जिव्या सोमा म्हसे यांनी गेरूच्या भिंतीवरची तांदळाच्या पिठाची चित्रे जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. वारली चित्र पाहायला कुठे वळायची गरज नाही. तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवतीचा फेर आपल्या सोसायटीच्या गेटवर रंगवलेला आहेच, शिवाय हॉटेलात चहाच्या कपाखाली मिळतो.

चारोटीला अहमदाबादचा हायवे ओलांडला की डहाणू आलेच. बारापर्यंत पोहोचायचे होते, तिथे अडीच वाजतात आणि ओहोटी लागलेली असते. या किनाऱ्यावर ओहोटीचे पाणी फार लांब जाते. सुरूच्या बनातून धावत गेलेली मुले ओल्या करड्या वाळूच्या मैदानासमोर उभी राहून विचारतात, ‘बाबा, समुद्र कुठाय?’ भरती-ओहोटीचे तक्ते आधी बघणारा नाशिककर अद्याप जन्मायचा आहे. मग जेवायला बसावे. पापलेटची ऑर्डर गेल्यावर आत्या जागी होते आणि आज संकष्टी असल्याचे जाहीर करते.

येताना घोलवडचे चिकू घ्यावेत. त्यांना २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. झाडावरून उतरवलेले चिकू दगडासारखे असतात. घरी तांदळाच्या डब्यात पुरावेत आणि विसरावेत. तीन दिवस काही होत नाही, चौथ्या दिवशी पाच किलो चिकू एकाच सकाळी पिकतात. ते घेऊन शेजारी जावे. ‘कशी झाली ट्रिप?’ असे विचारल्यावर ‘रस्ता फार सुंदर आहे हो, एकदा जाऊन याच’ असे सांगावे. वाटेत काय काय आहे, असे त्यांनी विचारलेच तर चिकूची दुसरी पिशवी पुढे करावी.