सभागृह भाड्याने मिळेल

अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांचं विज्ञान-तंत्रज्ञान शिक्षण म्हणे बळकट करायचंय. त्यासाठी १९९२ साली कायदाही झाला. पण तंत्रज्ञान तिथं कधीच पोचलंय हो! क्युपर्टिनोच्या डी अँझा या कम्युनिटी कॉलेजातल्या फ्लिंट सेंटर सभागृहात १९८४ साली स्टीव्ह जॉब्सने पिशवीतून मॅकिंटॉश काढला, २०१४ मध्ये टिम कुकने आयफोन ६ दाखवला. टाळ्यांचा नुसता कडकडाट! शेजारच्या वर्गांत काय शिकवतात, हे विचारायला फुरसत कोणाला? मंत्री शाळेत येतात ते मैदानावर हेलिकॉप्टर उतरतं म्हणून, तसंच हे. चिपच्या कारखान्यातली यंत्रं सांभाळणारा तंत्रज्ञ मात्र अशाच कॉलेजांतल्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमातून घडवायचा असतो. तिथल्या आपल्या मराठी आईबाबांनाही तो हवाच आहे. फक्त शेजाऱ्यांच्या घरातून.