डिझेलचं लोकार्पण

रुग्णवाहिका घेणं सोपं असतं. तिला हार घालता येतो, नारळ फुटतो, चालकाच्या हाती किल्ली देताना सगळे कॅमेऱ्याकडे बघतात. दोन्ही अंगांना दात्याचं नाव इतकं ठळक, की 'रुग्णवाहिका' या शब्दाला मागच्या दारावर सरकावं लागतं. (दाता म्हणजे तुमच्याआमच्या करातला पैसा, पण त्याचा फोटो चांगला येत नाही.)

रडगाणं दुसऱ्या दिवशी सुरू होतं. गाडी डिझेल पिते. तीन पाळ्यांना तीन चालक लागतात, वर रजेचा बदली. ऑक्सिजनचा सिलिंडर संपतो आणि तो संपताना कोणी भाषण करत नाही. खासदार निधी वर्षाला 5 कोटींचा. त्यातून गाडी घेता येते, पण आवर्ती खर्च नियमात बसत नाही. बरोबरच आहे, पगाराच्या चिठ्ठीला फीत बांधायची कुठे?

2014 साली राज्यात 108 क्रमांकाची सेवा आली. 937 गाड्या, सोबत डॉक्टर, रुग्णाला फुकट. काम मोलाचं. 2011च्या जनगणनेच्या हिशेबानं सुमारे 1 लाख 20 हजार माणसांमागे एक गाडी. 108 हा आकडाही जपमाळेचा, त्यामुळे गाडी येईपर्यंत काय करायचं हेही आपोआप ठरलेलं.

महापालिकांना एक सूचना. अंदाजपत्रकात 'उद्‌घाटन व सत्कार' या शीर्षाखालीच डिझेल आणि पगार दाखवावेत. त्या शीर्षाला कात्री लागल्याचं अजून ऐकिवात नाही.