डोक्यावर, छातीवर की बुडाखाली?

रविवारी सकाळी खडकवासल्याच्या चौपाटीवर सायकलवाल्यांचा घोळका दिसला तर खुशाल कान द्या. चेन, गिअर, टायरमधली हवा हे विषय कधीच मागे पडलेत. वाद चाललेला असतो तो कॅमेरा कुठे लावायचा याचा. तो लावायचा कशासाठी, हे मात्र कोणी विचारत नाही. विचारलं तर निम्मे माउंट दुकानात परत जातील.

डोक्यापासून सुरुवात करू, कारण हौसही तिथेच चढते. हेल्मेटवर कॅमेरा उभा केला की माणसाची उंची चार बोटं वाढते आणि रुबाब त्याहून जास्त. पण मान काही एका जागी राहत नाही. मागून डंपर येतोय का हे बघायला ती वळते, खड्डा आला की झुकते, ओळखीचं कोणी दिसलं की डुलते. सायकलवाल्याला याचं काहीच वाटत नाही. घरी सोफ्यावर बसून तो व्हिडिओ बघणाऱ्या सासऱ्यांना गाडी लागते. शिवाय हेल्मेटच्या आतला थर्माकोल डोकं वाचवण्यासाठी असतो. नेमक्या त्याच्यावर दीडशे ग्रॅमचा टणक ठोकळा चिकटवायचा आणि त्याला सुरक्षितता म्हणायचं, ही हिंमत आपल्यातच.

छातीचा पट्टा मातीच्या वाटांवर बरा. हात, हँडल, वाट सगळं दिसतं, आणि धक्के अंग सोसतं. रोडबाइकवर मात्र माणूस ओणवा होतो आणि कॅमेरा प्रामाणिकपणे पुढचं चाक आणि दोन गुडघे टिपत बसतो. पट्ट्यात तो उलटा बसवून वर तिरका केला की काम भागतं म्हणतात. भागतं, ज्याला स्वतःची कोपरं तासभर बघायला आवडतात त्याचं.

राहिलं हँडल. इथे खरी जत्रा आहे. गोप्रोने रूढ केलेली बोटांत बोटं अडकवायची बिजागरी आता बहुतेकांनी उचलली, त्यामुळे कुठलाही कॅमेरा कुठेही बसतो. या सोयीपायी लोक ऑनलाइन पन्नास नगांचा संच मागवतात. त्यात पाण्यावर तरंगणारी मूठ असते, कुत्र्याच्या पाठीवरचा पट्टा असतो. हँडलच्या मापाचा क्लॅम्प तेवढा नसतो. मग एका सांध्याला दुसरा, दुसऱ्याला तिसरा जोडून कॅमेरा वीतभर हवेत लोंबकळतो. जितके सांधे जास्त तितकी थरथर जास्त, हे आपल्या रस्त्यांवर वेगळं सांगायला नको. कॅमेऱ्याचा सेन्सर अख्खं चित्र एका क्षणी टिपत नाही, ओळीओळीने टिपतो. शेवटच्या ओळीपर्यंत पोचेतो हँडल हललेलं असतं आणि पडद्यावर सिंहगड रोड खरवसासारखा लदलदतो.

‘स्टॅबिलायझेशन आहे की!’ असं उत्तर तयारच असतं. आहे, आणि २०१८च्या गोप्रो हिरो ७ पासून ते खरंच सुधारलं. पण आपली राइड असते पहाटेच्या अंधुक उजेडात, त्यात झाडांची सावली. शटर मंदावतं आणि थरथर प्रत्येक चौकटीत मुरते. सॉफ्टवेअर चौकट जागेवर आणतं. फासटलेलं चित्र त्याला पुसता येत नाही. हँडलच लागत असेल तर स्टेमच्या पुढे येणारा आखूड अॅल्युमिनियमचा माउंट घ्या, कॅमेरा त्याच्याखाली टांगा, आणि क्लॅम्प फिरत असेल तर आत जुन्या ट्यूबचा तुकडा घाला. हँडल कार्बनचं असेल तर पाना चालवताना दंड दाखवू नका. जानेवारी २०२६मध्ये पुणे ग्रँड टूर या आंतरराष्ट्रीय सायकल शर्यतीसाठी जे रस्ते गुळगुळीत झाले, तिथे तर रबरबँडनेही भागेल. परदेशी पाहुण्यांचे आभार.

इतकं करून घाटाचं काय होतं? रुंद कोनाच्या भिंगात चढ दिसतच नाही. सिंहगडाच्या ज्या वळणावर जीव डोळ्यांत येतो, ते वळण व्हिडिओत सपाट, आणि तुम्ही सपाट रस्त्यावर ताशी आठ किलोमीटरने धापा टाकताय. बदनामीचा एवढा पक्का बंदोबस्त दुष्मनालाही जमला नसता.

ज्यांना स्वतःच दिसायचं आहे, त्यांच्यासाठी ३६० अंशांचा कॅमेरा आणि मागे बाहेर काढलेली लांब काठी. दोन भिंगांच्या सांध्यात सापडल्यामुळे काठी चित्रात दिसत नाही. लक्ष्मी रोडवर मागून येणाऱ्या रिक्षावाल्याला ती चांगलीच दिसते, आणि त्याबद्दल तो जे बोलतो तेही रेकॉर्ड होतं.

आता कोणालाच न आवडणारी जागा: सीटखाली, मागे तोंड करून. दृश्य भिकार. ना सूर्योदय, ना धरण, ना तुम्ही. नुसते टेम्पो आणि दुचाकी. पण कट मारणारा आधी मागून येतो, आणि तो येताना हा कॅमेरा त्याला बघतो. ऑस्ट्रेलियाच्या सायक्लिक कंपनीने मागच्या दिव्यातच कॅमेरा घातला, गार्मिनने २०२२मध्ये अशा कॅमेऱ्याच्या दिव्याला रडार जोडलं. ब्रिटनमध्ये पोलीस असे व्हिडिओ सायकलवाल्यांकडून रीतसर घेतात. आपल्याकडे १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३प्रमाणे अशा पुराव्याला प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश, म्हणजे तिचा डिजिटल ठसाही द्यावा लागतो. म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी जपायची. तिला ढोल-ताशा लावून रील करायचं नाही. इथेच बहुतेकांचा उत्साह मावळतो.

अडचणी आहेत. पावसात भिंगावर चिखल उडतो, सीटची पिशवी मध्ये येते, रात्री नंबरप्लेटच्या जागी पांढरा चौकोन दिसतो. मडगार्ड लावा, पिशवी हलवा, रात्री निघण्याआधी एकदा चाचणी घ्या. लूप रेकॉर्डिंग चालू ठेवा, आणि कॅमेऱ्याला एक दोरी बांधा, कारण क्लॅम्प सुटतोच. सीटपोस्टचं माप घ्या, बऱ्याच रोडबाइकचं २७.२ मिलिमीटर असतं, आणि त्याच मापाचा क्लॅम्प मागवा. पुढच्या कॅमेऱ्याचं दिवाळीनंतर बघू.