कुठवर आलात?

अर्जुनी मोरगावच्या आठवडी बाजारात गुरुजींची खादीची पिशवी लांबून दिसली की भलेभले वाट बदलतात. उधारी कुणाचीच नसते. पण गाठ पडली की प्रश्न ठरलेला, "कुठवर आलात?" म्हणजे दिलेलं पुस्तक कितव्या पानापर्यंत वाचलं. "झालं अर्धं" म्हणून सुटका होत नाही. "मग म्हैस सापडली का जी?" असा पुढचा प्रश्न येतो, आणि हातातली वांगी हातातच राहतात.

म्हैस 'रिंगाण'मधली. कृष्णात खोतांच्या या कादंबरीला २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणापायी गाव उठतं, म्हैस मागे जंगलात राहते आणि माणूस तिला आणायला जातो. गुरुजींनी ती हौसेनं आमच्या दूधवाल्याला दिली, कथानक रंगवून सांगितलं. त्यानं कॅन खाली न ठेवता विचारलं, "दूध किती देत होती जी?" गुरुजींकडे तो आठवडा काळा चहा झाला.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्यांचा हाच उद्योग. जुन्या कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर, शेवटच्या पानावर पेन्सिलीनं तारीख आणि देताना एकच वाक्य, "हे तुमच्याचसाठी आहे जी!" राईस मिलवाल्या शेठना त्यांनी नंदा खऱ्यांची 'उद्या' दिली. "नागपूरच्या या माणसानं साहित्य अकादमीचा पुरस्कार नाकारला. आता तुम्ही पुस्तक तरी नाकारू नका!" या युक्तिवादापुढे शेठ गप्प झाले. पुस्तक धानाच्या पावत्यांवर वजन म्हणून महिनाभर राहिलं खरं, पण पावत्या काढताना त्यांनी चार पानं वाचली आणि मग अडकले. लेकीला भेटायला महाराष्ट्र एक्सप्रेसनं निघालेल्या काकूंना सल्ला मिळाला, "गोंदियापासून थेट कोल्हापूर? मग किरण गुरव न्या, तिकडचेच आहेत." डब्यातल्या पोळ्यांच्या वर 'बाळूच्या अवस्थांतराची डायरी' गेली. परत आली तेव्हा कव्हरवर लोणच्याचं तेल होतं. गुरुजी खूश. म्हणजे उघडलं होतं!

नव्या पुस्तकाची त्यांची व्याख्या सोयीची आहे. ज्यानं वाचलं नाही, त्याच्यासाठी नवंच. त्यामुळे नवेगावबांध पाहायला कुणाकडेही पाहुणे आले की हे 'चकवाचांदण' घेऊन हजर. मारुती चितमपल्लींनी वनाधिकारी म्हणून तिथे वर्षं काढली, तेव्हा त्यांचं आत्मचरित्र वाचल्याशिवाय तलाव कसा कळणार? "तलाव कुठं पळून चालला? चार पानं तर ऐका." चार पानांत ऊन डोक्यावर येतं आणि पक्षी झाडीत जातात. स्वतः गुरुजी मात्र कुणी सुचवलेलं पुस्तक घेत नाहीत. "यादीत लिहितो," म्हणतात. ती यादी कुणी पाहिलेली नाही.

पण निवड चुकते असं म्हणवत नाही. चौकातल्या टेलरभाऊंना त्यांनी देविदास सौदागरांची 'उसवण' दिली. लेखक स्वतः शिवणकाम करणारा, कादंबरी रेडिमेडपायी धंदा बसलेल्या शिंप्याची, २०२४चा युवा पुरस्कार मिळालेली. भाऊ वैतागले, "दिवसभर शिवतोच ना जी. रात्री पुन्हा तेच काहून वाचू?" दोन रात्रींत संपवली. तिसऱ्या दिवशी गुरुजी दुकानात शिरले, "कुठवर आलात?" भाऊंनी चष्मा वर करून त्यांच्या नव्या कुडत्याची कॉलर चिमटीत धरली.

"गुरुजी, हा रेडिमेड घेतला काय?"

गुरुजींचे दोन कुडते सध्या शिवायला टाकलेत. भाऊ त्यांना रोज हाक मारून बोलावतात आणि रोज वाचलेलं पुन्हा पहिल्यापासून सांगतात. कुडते अजून झालेले नाहीत.